गच्चीवर माती नको, विटा घाला

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर हिरवळ करायचं खूळ डोक्यात शिरलं, कारण वरची खोली दुपारी नुसती भट्टी होते, फॅनचं वारंसुद्धा गरम. प्लॅन सोपा होता, पोयट्याची एक ट्रॉली आणायची आणि चार इंच पसरायची. बाबांनी गवंडीमामांना बोलावलं तर ते गच्चीकडं न बघता माझ्याकडंच बघून म्हणाले, "भिजल्यावर वजन किती हुईल, काढलंयस का?"

मग काढलं. दहा लिटर भिजका पोयटा 18 किलो भरला, म्हणजे चार इंचाच्या थराला चौरस मीटरमागं 180 किलो. आणि वावर असलेल्या गच्चीसाठी बांधकामाच्या भारतीय कोडमध्ये धरलेला भार चौरस मीटरला साधारण 150 किलो, त्यातच आपण चालणार, पाहुणे येणार. आणि आपल्याकडं जुलैत एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही, माती वाळणार कधी?

मग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सालीचा भुगा. हलकं असतं, पण नारळाच्या सालीत मीठ असतं, ते दोन-तीन पाण्यांनी धुवायला लागतं, मी एकाच पाण्यात उरकलं आणि रोपांच्या पानांच्या कडा करपल्या. शिवाय ऊस आणि भात सोडून आपण लांबून सालीच्या विटा विकत आणायच्या हे काय मनाला पटेना.

म्हणून माझ्या मामाच्या गुऱ्हाळावरनं चिपाड आणलं, फुकट! तसंच बारीक करून शेणखतात मिसळलं आणि नाद खुळा वाटला मला माझाच. पंधरा दिवसांत सगळं पिवळं. कच्चं चिपाड कुजताना त्यातले जीवाणू सगळा नत्र स्वतःच खातात, झाडाला काय उरणार. वर थर पण निम्म्यावर बसला. चिपाड आधी शेण घालून चांगलं कुजवायचं आणि मगच वापरायचं, तेसुद्धा थोडंच, कारण कुजणारी गोष्ट दरवर्षी खाली बसत जाते. (शिरोलीचा एक मित्र फौंड्रीची वापरलेली वाळू देत होता, पण ती जड आणि त्यात बेंटोनाइटची चिकणमाती, कोळशाची पूड, हात जोडले.)

शेवटी उत्तर वीटभट्टीवर मिळालं, युरोपात गच्चीच्या बागेला विटांचा चुरा कधीपासून वापरतात म्हणे, आणि आमच्या गच्चीवर कोब्यात ब्रिकबॅट, म्हणजे विटांचे तुकडे, पडूनच आहेत की! पक्क्या भाजलेल्या विटांचे रोडे फोडले, हरभऱ्याएवढे ठेवले, बारीक पूड चाळून काढली नाहीतर ती पाइपच्या तोंडाशी चिखल करते. सहा घमेली चुरा, दोन घमेली भाताचं जळकं तूस, दोन घमेली कुजलेलं चिपाडखत. भिजल्यावर दहा लिटरला साडेबारा किलो. थर तीनच इंच ठेवला म्हणजे चौरस मीटरला साधारण 95 किलो. खाली मुळं अडवणारा कागद आणि पाणी जायला जाळी, त्यात मात्र कंजूषपणा करू नका.

ऑफिस टाइमचं फुलझाड मस्त पसरलंय, ओवा तर ऐकतच नाही. कंपाउंडच्या भिंतीवर रोपांसाठी लावलेल्या कप्प्यांचं अजून जमलेलं नाही, पाणी सगळं खाली उतरतं, वरचे कप्पे कोरडे आणि खालचे सडके. वरच्यांत तूस कमी करून खत वाढवलंय, खाली नुसता चुरा. गवंडीमामा परवा येऊन ओवा तोडून घेऊन गेले, भज्यांसाठी.