हातखंब्याला अडवलेला टेम्पो

मिरकरवाडा बंदरातून कोल्हापूरला मासळी पोहोचवणाऱ्यांचे जून आणि जुलै महिने मासेमारी बंदीमुळे कोरडे जातात. कर्जाचा हप्ता मात्र बंदी पाळत नाही. माझ्या टेम्पोचे हप्ते असेच थकले आणि ऑगस्टमध्ये धंदा पुन्हा सुरू होताच हातखंबा तिठ्यावर वित्त कंपनीच्या वसुलीवाल्यांनी मला अडवले.

त्यांच्याकडे मोबाइलमध्ये थकबाकीदारांची यादी होती, परंतु ओळखपत्र किंवा कंपनीचे अधिकारपत्र नव्हते. चावी मागतानाच त्यांनी ‘वाहन स्वखुशीने ताब्यात देत आहे’ अशा मजकुराचा छापील कागद पुढे केला. माझ्या मते या साऱ्या प्रकारात सर्वांत घातक कागद तोच, कारण त्यावर सही झाली की जबरदस्ती झाल्याचे सिद्ध करण्याचे ओझे कर्जदारावरच येऊन पडते. मी सही नाकारली आणि 112 ला फोन लावला. पोलीस येईपर्यंत बांगड्याच्या खोक्यांतील बर्फाचे पाणी फाळक्याखालून रस्त्यावर ठिबकत होते. हवालदारांनी आधी ‘पैशांचा वाद आहे, आपसांत मिटवा’ असेच सांगितले. अधिकारपत्र दाखवण्याचा विषय निघाल्यावर मात्र वसुलीवाली मंडळी पांगली.

रत्नागिरीतील वकिलांनी मला प्रथम एक कटू गोष्ट सांगितली, ती अशी की वाहन तारण असल्यामुळे करारातील कलमानुसार त्याचा ताबा घेण्याचा हक्क कंपनीला असतो. कायद्याचे बंधन आहे ते ताबा घेण्याच्या पद्धतीवर. गुंडांकरवी वाहने ओढून नेण्याचा प्रकार सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये प्रकाश कौर प्रकरणात निषिद्ध ठरवला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ताब्यापूर्वीच्या नोटिशीची मुदत, ती कोणत्या परिस्थितीत माफ होते, ताबा घेण्याची रीत आणि लिलावापूर्वी थकबाकी भरण्याची अखेरची संधी, या बाबी करारातच नमूद असाव्या लागतात. माझ्या करारात नोटिशीचे कलम होते, पण नोटीस आलेली नव्हती.

हाच मुद्दा धरून मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दिली, पोहोच घेतली आणि खातेउतारा मागितला. तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते, हेही तक्रारीत लिहिले होते. बहुधा त्यामुळेच शाखेतून लगेच बोलावणे आले.

उताऱ्यात थकीत हप्त्यांखेरीज ‘सीझिंग चार्ज’ अशी नोंद होती. गाडी कधीच जप्त झाली नसताना हा आकार कसला, असे लेखी विचारल्यावर तो वगळण्यात आला. उरलेली थकबाकी मी पावती घेऊन भरली. पावसाळ्यातले हप्ते कमी ठेवून ते ऑक्टोबरनंतर वाढवून घ्यावेत, अशी विनंतीही केली. ती मात्र शाखेने मान्य केली नाही.