तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या पीसीवर व्हर्जन कंट्रोल कुठलं घालायचं?

व्हर्जन कंट्रोल म्हणजे फाइलीच्या जुन्या-नव्या आवृत्त्या नोंदींसकट सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि डॉस म्हणजे जुन्या पीसींची ऑपरेटिंग सिस्टिम. हा प्रश्न दोन तऱ्हांनी येतो. एक म्हणजे ‘डॉसच्या काळात व्हर्जन कंट्रोल होतं तरी का?’ आणि दुसरा, ‘एक्सटी (आयबीएमचा जुना पीसी) किंवा तिचा इम्युलेटर (आजच्या मशीनवर तिची नक्कल करणारा प्रोग्राम) चालू केलाय, असेंब्लीत प्रोग्राम लिहितोय, आवृत्त्या ठेवायला काय घालू?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. होतं, आणि बऱ्यापैकी होतं. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंडने एससीसीएस लिहिलं ते १९७२ साली. पर्ड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिकीचं आरसीएस १९८२मध्ये जगापुढे आलं. ही दोन्ही युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जगात वाढली. पण १९८५ला पॉलिट्रॉन कंपनीने डॉससाठी पीव्हीसीएस विकायला काढलं, आणि बर्टन सिस्टिम्सचं टीलिबही त्याच दशकातलं. सोर्ससेफचं नाव बरेच जण घेतात, पण मायक्रोसॉफ्टने ते १९९४मध्ये विकत घेतलं. तोवर ‘जुना पीसी’ बराच मागे पडला होता.

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: डॉस असेल तर आरसीएस. मात्र कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, यापेक्षा त्या मशीनची फाइल सिस्टिम आणि घड्याळ काय चालवून घेतात, यावर सगळं ठरतं. बहुतेकांची गाडी अडते ती तिथेच.

आधी आरसीएसच का, ते सांगतो. ते सगळ्यात ताजी आवृत्ती पूर्ण ठेवतं आणि जुन्या आवृत्त्या उलट्या फरकांच्या (ताज्या फाइलीवरून मागे जायला लागणाऱ्या बदलांच्या) रूपात साठवतं. ताजी फाइल काढायची तर फरक लावत बसावे लागत नाहीत. एससीसीएसमध्ये सगळ्या आवृत्त्यांच्या ओळी एकाच फाइलीत विणलेल्या असतात, त्यामुळे कुठलीही आवृत्ती हवी असली तरी ती अख्खी फाइल वाचावी लागते. आजच्या डिस्कवर हा फरक कळणारही नाही. ३६० केबीच्या फ्लॉपीवर मात्र लगेच कळतो.

आता नावांचा घोळ. युनिक्सवर आरसीएस आपल्या इतिहासाच्या फाइलीला मूळ नावापुढे स्वल्पविराम आणि ‘व्ही’ जोडतं. डॉसमध्ये नाव आठ अक्षरांचं, एक्स्टेन्शन तीन अक्षरांचं, आणि स्वल्पविराम चालतच नाही. म्हणून आरसीएस ५ मालिकेच्या डॉस बिल्डमध्ये (डॉससाठी तयार केलेल्या प्रतीत) ही शेपटी रिकामीच धरलेली असते. इतिहासाची फाइल त्याच नावाने ‘आरसीएस’ या सबडिरेक्टरीत जाते, तेव्हा ती सबडिरेक्टरी आधी स्वतः बनवून ठेवा. अर्थात डॉस २.० तरी हवं, कारण १.x मध्ये सबडिरेक्टरीच नाहीत. पीव्हीसीएसने वेगळी वाट काढली. ते एक्स्टेन्शनचं तिसरं अक्षर बदलून तिथे व्ही टाकतं. सी फाइलीला एकच अक्षर असल्याने मधे अंडरस्कोर येतो. युक्ती बरी आहे, पण एकाच नावाची बेसिक फाइल (बीएएस) आणि बॅच फाइल (बीएटी) असेल तर दोघींचं संग्रहातलं एक्स्टेन्शन बीएव्हीच होतं. दोन वेगळ्या फाइली, नाव एक. असं झालं तर एकीचं मूळ नाव बदलणं हाच सरळ उपाय.

आरसीएस बसवताना ऑटोएक्झेक बॅच फाइलीत (बूट होताना डॉस आपोआप चालवतं ती) तीन व्हेरिएबल (प्रोग्रामांना वाचता येणाऱ्या किमती) सेट करा: लॉगनेम, टीझेड आणि टीएमपी. डॉसला ‘वापरणारा कोण’ ही कल्पनाच नसल्याने लॉगनेम नसेल तर आरसीएस सरळ ‘तू कोण?’ असं विचारून थांबतं. टीझेड (टाइम झोन) लागतं कारण आरसीएस वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) नोंदवतं आणि डॉसकडे फक्त स्थानिक वेळ असते. टीएमपी शक्यतो हार्ड डिस्कवर दाखवा, भरत आलेल्या फ्लॉपीवर तात्पुरत्या फाइलींनी चेक-इन (नवी आवृत्ती नोंदवणं) मधेच अडकतं. याखेरीज फाइलींची तुलना करणारे डिफ आणि डिफ३ हे प्रोग्राम पाथमध्ये (डॉस प्रोग्राम शोधतं त्या डिरेक्टरींच्या यादीत) असायला हवेत. आरसीएस फरक स्वतः काढत नाही, त्यांच्याकडून काढून घेतं.

घड्याळाचं तर विचारूच नका. मूळ आयबीएम पीसी आणि एक्सटीत बॅटरीवर चालणारं घड्याळ नव्हतं, ते १९८४च्या एटी या मॉडेलात आलं. बूट झाल्यावर डॉस तारीख विचारतं, पण ऑटोएक्झेक फाइल असली की विचारत नाही आणि १ जानेवारी १९८० धरून पुढे जातं. काल बरोबर तारखेने चेक-इन केलं आणि आज १९८० साल चालू असेल, तर आरसीएस नवी आवृत्ती घेणारच नाही. नवी तारीख आधीच्या आवृत्तीच्या मागची आहे, अशी तक्रार करतं. ऑटोएक्झेकमध्ये डेट आणि टाइम या दोन आज्ञा घाला, म्हणजे दर बूटला विचारणा होईल.

आणखी एक धक्का नव्या माणसाला हमखास बसतो. नुसतं ‘सीआय’ (चेक-इनची आज्ञा) आणि फाइलीचं नाव दिलंत की आवृत्ती नोंदली जाते आणि तुमची कामाची फाइल डिस्कवरून जाते. ती हरवलेली नसते, ‘सीओ’ने (चेक-आउटच्या आज्ञेने) परत येते. पण रोजच्या कामासाठी सीआयला ‘-एल’ द्या, म्हणजे फाइल लॉकसकट (बदलायच्या हक्कासकट) हाती राहील. ‘-यू’ दिलंत तर फक्त वाचता येईल अशी प्रत राहते. फरक बघायला आरसीएसडिफ, नोंदी बघायला आरलॉग. डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये ‘आयडी’ लिहिलंत की चेक-आउटच्या वेळी तिथे नाव, आवृत्ती, तारीख भरली जाते. असेंब्लीत ते डेटा स्ट्रिंग म्हणून ठेवलं, तर तयार प्रोग्रामवर ‘आयडेंट’ चालवून तो कुठल्या आवृत्तीतून बनला ते वाचता येतं. फक्त त्या स्ट्रिंगची लांबी बदलते. पुढचे ऑफसेट (प्रोग्रामच्या आतली अंतरं) हाताने मोजून लिहिले असतील तर ते चुकतील.

फॉन्ट, चित्रं, तयार कॉम फाइली (चालवायचे प्रोग्राम) ठेवायच्या तर आरसीएसची ५.७ आवृत्ती घ्या आणि इतिहासाची फाइल सुरू करतानाच ‘-केबी’ पर्याय लावा. नाहीतर डॉसवरचं आरसीएस त्यांना टेक्स्ट समजतं, ओळींच्या शेवटांची अदलाबदल होते, आणि २६ किमतीचा बाइट भेटला की ‘फाइल संपली’ असं मानलं जातं.

मिळवायचं कुठून? सिमटेलच्या डॉस संग्रहाच्या सीडी वॉलनट क्रीक कंपनीने काढल्या होत्या, त्यांच्या इमेज इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. डीजेजीपीपी या डॉसवरच्या कंपायलर-संचाच्या संग्रहात ग्नू या मोफत सॉफ्टवेअर प्रकल्पाची बिल्ड आहेत, पण ती ३८६ प्रोसेसर आणि डीपीएमआय या जास्त मेमरी वापरू देणाऱ्या सोयीशिवाय चालत नाहीत. एक्सटीसाठी १६ बिटचंच बिल्ड शोधा. झिप उघडत नसेल तर फाइल खराब आहे असं लगेच समजू नका. झिप उघडणाऱ्या पीकेअनझिप १.१०ला डिफ्लेट ही दाबण्याची पद्धत कळत नाही, २.०४जी लागतं. पीव्हीसीएसच्या फ्लॉपी सापडल्या तरी मॅन्युअलशिवाय घेऊ नका, त्याची कॉन्फिगरेशन फाइल अंदाजाने लिहिता येत नाही.

झू या आर्काइव्हरचा (फाइली दाबून एकत्र ठेवणाऱ्या प्रोग्रामचा) उल्लेख हवाच. राहुल धेसी यांच्या या प्रोग्राममध्ये एकाच नावाच्या फाइलीच्या अनेक पिढ्या एकाच आर्काइव्हमध्ये ठेवता येतात, आणि किती ठेवायच्या ते ठरवता येतं. फरक नाही, दर वेळी पूर्ण दाबलेली प्रत. नोंदी-बिंदींची गरज नसलेल्या एकट्या माणसाला एवढं पुरतं.

सीपी/एम या डॉसआधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर मात्र मी मशीनवरच आवृत्त्या ठेवा असं सांगणार नाही. २.२मध्ये फाइलीला तारीखच नसते, सबडिरेक्टरी नसतात, आहेत ते फक्त ० ते १५ यूझर एरिया (डिस्कवरचे क्रमांकाचे कप्पे). त्या काळी लोक डिफ (फरक काढणारा) आणि एसएसईडी (फरक लावणारा) ही जोडी वापरून फरकांच्या फाइली एकमेकांना पाठवत. वर्डस्टार या वर्ड प्रोसेसरमध्ये सोर्स लिहीत असाल तर नॉन-डॉक्युमेंट मोडमध्येच लिहा. डॉक्युमेंट मोड शब्दांच्या शेवटच्या अक्षरांचा वरचा बिट चढवतो, आणि दिसायला सारख्या ओळी तुलनेत वेगळ्या निघतात. डॉसवरच्या जीडब्ल्यू-बेसिकचंही तसंच. साध्या सेव्हने टोकन केलेली (शब्दांऐवजी संकेतांक असलेली) फाइल बनते, पहिला बाइट २५५. तिच्यात प्रत्येक ओळीपाशी पुढच्या ओळीचा पत्ता असतो, म्हणजे दहाव्या ओळीत एक अक्षर वाढवलं की खालचे सगळे पत्ते सरकतात. सेव्ह करताना शेवटी स्वल्पविराम देऊन ‘ए’ लिहा, म्हणजे साधं टेक्स्ट मिळतं. आणि ओळींना नवे क्रमांक देणारी रिनम् आज्ञा चालवायची असेल तर तिची वेगळी आवृत्ती नोंदवा, तिच्यात दुसरे बदल मिसळू नका.

जुन्या मॅकवर एमपीडब्ल्यू या ॲपलच्या प्रोग्रामिंग साधनांसोबत प्रोजेक्टर हे व्हर्जन कंट्रोल येई. ते आपली खूण फाइलीच्या रिसोर्स फोर्कमध्ये (मॅक फाइलीच्या दुसऱ्या भागात) ‘सीकेआयडी’ नावाने ठेवतं. फाइल डॉसच्या डिस्कवरून फिरवून आणलीत की खूण गेली.

इम्युलेटर वापरणाऱ्यांनी गिट हे आजचं व्हर्जन कंट्रोल आधुनिक मशीनवर ठेवावं आणि एमटूल्स या संचातल्या एमकॉपी आज्ञेने डिस्क इमेजमध्ये सोर्स टाकावा. गिटॲट्रिब्यूट्स फाइलीत सोर्ससाठी सीआरएलएफ (ओळीच्या शेवटाची डॉसची पद्धत) आणि बाकीच्यांसाठी बायनरी असं स्पष्ट लिहा. एमकॉपी ‘-एम’ न देता चालवलं तर फाइलीवर आजची तारीख पडते. इम्युलेटरच्या आत १९८० साल चालू असेल तर तिथे बनलेल्या ऑब्जेक्ट (कंपाइल झालेल्या) फाइली नेहमीच सोर्सपेक्षा जुन्या दिसतात, आणि मेक (तारखा बघून बदललेल्या फाइलीच कंपाइल करणारा प्रोग्राम) दर खेपेला सगळं पहिल्यापासून कंपाइल करत बसतं. अशा वेळी मेकफाइल उसकटण्याआधी आतल्या डॉसची तारीख बघा.