दगडधोंड्यांच्या वाटेसाठी रायडिंग गिअर (अंगावरचं संरक्षक साहित्य) निवडताना खालून वर चला

सह्याद्रीत मोटरसायकलवरचं ऑफ-रोडिंग म्हणजे मुख्यतः बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ. बैलगाडीच्या जुन्या वाटा, धरणाच्या कडेचे कच्चे रस्ते, ओढ्यांची पात्रं, सगळीकडे सुटे दगडगोटे आणि मधूनच जमिनीतून वर आलेली कातळाची धार. कोकणात उतरलात की जांभा लागतो: छिद्राछिद्रांचा, खरखरीत, कातडी सोलून काढणारा.

अशा वाटेवर गाडीचा वेग ताशी १० ते २५ किलोमीटर असतो, आणि इथलं पडणं हायवेवरच्या पडण्याहून अगदी वेगळं असतं. हायवेवर माणूस घसरत जातो, म्हणून तिथल्या जॅकेटमध्ये कापड घासण्याला किती वेळ टिकेल हे आधी बघतात. दगडांत माणूस जागच्या जागी आडवा होतो. सगळा भार दगडाच्या एका टोकावर येतो आणि वरून गाडी पायावर पडते. रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४५० या मोटरसायकलचं वजन पेट्रोलसकट १९६ किलो आहे, वर सामान वेगळं. म्हणून पहिला खर्च जॅकेटवर करू नका. हेल्मेट तर हवंच. त्यानंतर लगेच बूट, मग गुडघे, आणि त्यानंतर बाकीचं.

बुटांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त तडजोड इथेच होते. ट्रेकिंगचे बूट, पोलादी टोपीचे सेफ्टी शूज, गमबूट यांपैकी एकही या कामाचा नाही. सेफ्टी शूज बोटं वाचवतो, पण घोटा मोकळाच राहतो. पाय दोन दगडांच्या फटीत बसला आणि गाडी पुढे सरकली की घोटा पिळला जातो. मऊ बूट तो पीळ अडवू शकत नाही. नडगीचं दुखणं निराळं. तोल जाताना पाय खाली टेकवला की फूटपेग (पाय ठेवायची दांडी) मागून पोटरीवर येतो, आणि समोर दगड असला तर पाय मधल्यामध्ये चिमटतो. म्हणून बूट गुडघ्याच्या थोडाच खाली संपणारा, घोट्याला बिजागरी असलेला आणि नडगीवर कडक प्लास्टिकचं कवच असलेला घ्या. बिजागरीमुळे पाय पुढेमागे वाकतो, आडवा मात्र मुरडत नाही.

मोटरसायकलच्या बुटांचं युरोपीय मानक ईएन १३६३४. लेबलवर ओळीने चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २: बुटाची उंची, घासण्याला टिकाव, कापण्याला टिकाव आणि आडव्या दाबाला टिकाव. दगडांसाठी चौथा आकडा आधी बघा. गाडीखाली पाऊल आडवं दाबलं गेलं तर बूट किती चेपेल हे तो सांगतो. तिथे २ हवाच.

दुकानात बूट घालताना गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे सोबत न्या. जिना चढून बघा; टाच आत उचलली जात असेल तर अर्धा नंबर कमी करा, आणि उतरताना बोटं पुढे टेकत असतील तर वाढवा. आधी नीगार्ड (गुडघ्याचं कवच) चढवा आणि मगच बूट, कारण नीगार्डचा नडगीचा भाग बुटाच्या आत जातो. नीगार्डशिवाय घेतलेला बूट नंतर पोटरीवर बंदच होत नाही. बकल खालून वर लावत जा.

नवे बूट चढवून थेट घाटात जाऊ नका. जाड पंजा गिअर लिव्हरखाली शिरत नाही आणि ऐन चढावर गिअर पडत नाही. लिव्हर त्याच्या दातेरी दांड्यावर एखादा दाता वर घ्या, मागच्या ब्रेकच्या पेडलची उंचीही जुळवा, आणि हे सगळं बूट घालून, फूटपेगवर उभं राहून तपासा. बूट पहिले काही दिवस घरात घालून बसलात तरी बिजागरी सैल होते.

वॉटरप्रूफ बुटांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सह्याद्रीच्या पावसाळ्यात त्यांचा उपयोग कमी. ओढा गुडघ्याएवढा असला की पाणी वरून आत शिरतं आणि अस्तर ते बाहेर पडू देत नाही. त्यापेक्षा निचरा होणारा बूट आणि मोज्यांची सुकी जोडी बरी.

गुडघ्यासाठी नीगार्ड घेताना नाव कमी आणि बसणं जास्त बघा. गुडघ्याची वाटी कपाच्या मधोमध यायला हवी, तीही गाडीवर बसल्यावर. उभं असताना बरोबर वाटणारा गार्ड बसल्यावर खाली सरकतो. गुडघ्याच्या लगेच खालचा, पोटरीच्या वरचा पट्टा गार्डला जागेवर धरतो. तो आधी घट्ट करा, मांडीचा नंतर. मग गार्ड हाताने फिरवून बघा. दोन बोटांच्या रुंदीपेक्षा जास्त सरकला तर तो पडताना जागेवर राहणार नाही, मग आत कितीही चांगला फोम असो. इलॅस्टिक सैल पडलं की पट्टे बदला.

आर्मरवर, म्हणजे आघात शोषणाऱ्या पॅडवर, ईएन १६२१-१ आणि लेव्हल लिहिलेली असते. चाचणीत ५० ज्यूलचा आघात देतात. पलीकडे सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बळ पोचलं तर लेव्हल १, २० पर्यंतच पोचलं तर लेव्हल २. बाजूची अक्षरं जागा सांगतात: एस खांदा, ई कोपर, के गुडघा, एच कंबर. पाठीच्या आर्मरचं मानक वेगळं, ईएन १६२१-२: लेव्हल १ ला १८ किलोन्यूटन, लेव्हल २ ला ९. लेबलवर नुसती ‘सीई’ ही युरोपीय खूण असेल आणि मानकाचा क्रमांक, अक्षर, लेव्हल यांपैकी काहीच नसेल, तर वस्तू परत ठेवा. टी प्लस ही खूण असली तर आर्मर ४० अंश सेल्सिअस तापमानालाही तपासलेलं असतं. मे महिन्यात ही खूण कामाची, कारण काही फोम उन्हात मऊ पडतात.

रस्त्यावरच्या जॅकेटमध्ये येणारं एकसंध मऊ आर्मर आघात छान शोषतं, घालायलाही सुखाचं. पण दगडाचं टोक एकाच जागी रुततं. म्हणून कोपर आणि गुडघ्याला वर कडक वाटी आणि खाली फोम अशी रचना मला जास्त पटते: वाटी भार पसरवते, फोम तो शोषतो.

छातीवर घालायचा रूस्ट गार्ड घेताना फार फसगत होते. ईएन १४०२१ हे मानक पुढच्या गाडीच्या चाकातून उडालेल्या दगडांपासून बचावाचं आहे, पडण्यापासूनच्या बचावाचं नव्हे. आपटण्यासाठी छातीला ईएन १६२१-३ आणि पाठीला १६२१-२ शोधा. जाळीचं आर्मर जॅकेट अंगाला चिकटून बसणारं घ्या, वरून सैल जर्सी घाला. वेग कमी असल्याने वारा लागत नाही. जाड टूरिंग जॅकेटमध्ये चढावर माणूस घामाने निथळतो, थकतो, आणि थकला की पडतो.

पाठीवरच्या पिशवीत पाण्याची ब्लॅडर आणि विंडचीटर, बस्स. पाने, कुलूप, पंप, ट्रायपॉड पाठीवर नकोत. उताणं पडल्यावर पाना मणक्यावर येतो. हत्यारं गाडीवर बांधा.

हातमोज्यात बोटांच्या सांध्यांपेक्षा तळहाताचा मनगटाजवळचा भाग आधी बघा. पडताना हात आपोआप पुढे जातो आणि मनगटातलं स्कॅफॉइड हे छोटं हाड मोडतं. त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून ते हळू जुळतं, आणि पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसतही नाही. अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिलं तर ‘मुरगळलं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. तळहातावर घसरणारी कडक पट्टी असलेला मोजा घ्या, पण क्लच दोन बोटांनी दाबता येईल इतका पातळ. गाडीला धातूच्या दांड्याचे हँडगार्ड लावा. नुसते प्लास्टिकचे वाऱ्यापुरते.

हेल्मेटला आयएसआयची खूण १ जून २०२१ पासून सक्तीची आहे. तिच्या जोडीला ईसीई २२.०६ हे युरोपीय मानक असेल तर उत्तम, कारण त्यात डोकं पिळवटणाऱ्या तिरक्या आघाताचीही चाचणी आहे. पट्टा बांधून हेल्मेट मागून वर ओढा. कपाळावरून पुढे निघत असेल तर एक साइज कमी. गॉगल दुकानातच चढवून बघा, प्रत्येक गॉगल प्रत्येक हेल्मेटच्या खाचेत बसत नाही.

नेक ब्रेस, म्हणजे मानेभोवतीचं संरक्षक कडं, या वेगाला मी यादीत शेवटी ठेवतो. कमरेच्या हाडासाठी आणि माकडहाडासाठी पॅड असलेली शॉर्ट मात्र स्वस्त पडते आणि खडकावर बसकण मारून पडल्यावर फार कामाला येते.

सगळं चढवून गाडीवर बसा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, पेगवर उभे राहा, पाय सीटवरून पलीकडे टाका. जिथे काचेल तिथे तासाभरात घासून फोड येईल. पावसातून आल्यावर आर्मर कप्प्यातून काढून सावलीत वाळवा, बुटांतले इनसोल बाहेर काढा, बकलचे स्क्रू आवळा. हेल्मेट दगडावर आपटलं असेल तर बाहेरून चरा नसला तरी बदला; आतला थर्मोकोल एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही.