पंधरा पाऊण सव्वाअकरा

रेवदंड्याच्या खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला बसणाऱ्या आम्हा सात-आठ जणांना आम्ही क्लब म्हणायचो. नोंदणी नाही, वर्गणी नाही. अध्यक्षपद रोज बदलायचं, ज्याच्या थर्मासात चहा उरला असेल त्याच्याकडे जायचं. समोर कोर्लईचा किल्ला, डाव्या-उजव्या बाजूला आपापली तंगूस, म्हणजे गळाची दोरी, सोडून बसलेले हे दिग्गज, आणि बोलणं फारसं नाहीच. त्यातले तिघे आता नाहीत.

पहिले गेले कंडक्टरकाका. एसटीतून निवृत्त झाल्यावर तिकिटांच्या कातडी पिशवीत त्यांनी गऱ्या आणि शिशाचे गोळे भरले. ज्या कप्प्यात पूर्वी चिल्लर खुळखुळायची, त्यात शिसं खुळखुळायला लागलं. मासा लागला की ते ओरडत नसत, नुसतं म्हणत, "डबल बेल." मग गाडी सुटायची.

बेकरीवाले चाचा बोय माशांसाठी मळलेल्या पिठाच्या गोळ्या आणायचे. बोय गोळ्या खाऊन जायच्या, गरी तशीच राहायची. "गिऱ्हाईक आलं, पैसे न देता गेलं," एवढंच म्हणायचे. त्यांच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही, आणि त्यांना ते आवडलंही नसतं.

गुरुजींचं मात्र सांगायला हवं. प्राथमिक शाळेत त्यांची हयात गेली आणि जुनी पाढ्यांची रांग, पावकी-निमकी-पाऊणकी, त्यांच्या जिभेवर होती. भरती कधी, असं कुणी विचारलं की ते आधी तिथी विचारत. आज चतुर्थी? चार पाऊण तीन, म्हणजे चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती. अष्टमी? आठ पाऊण सहा, पण भांगाचं, कमी चढणारं पाणी, येऊन जाईल नि कळणारही नाही. किनाऱ्यावर हा हिशेब पुष्कळांना येतो. पण पाऊणकी म्हणून भरती काढणारा माणूस मी एवढा एकच पाहिला. शाळेतून पाऊणकी गेली याचं त्यांना खरं दुःख होतं. "पोरं आता भरतीला मोबाइल विचारतात," म्हणायचे. "मोबाइल कुणाला विचारतो?"

पाऊणकीचं उत्तर आणि पाणी यांत बरेचदा अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडायचा. आम्ही घड्याळ दाखवायचो. गुरुजी पाण्याकडे बघत शांतपणे सांगायचे, "समुद्राला उशीर झालाय." वर्गात उशिरा आलेल्या मुलाची वाट बघावी तसे थांबायचे.

जिताडा हा त्यांचा एकच ध्यास. आमच्या रायगडात जिताड्याची किंमत चवीपेक्षा मोठी. कुणाचं काम अडलं की साहेबांच्या घरी जिताडा पोचतो, असं लोक हसत सांगतात. गुरुजींना त्याचं वेगळंच कौतुक होतं. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, हे ते दर महिन्याला नव्यानं सांगत. कोलंबी गरीला लावताना मान हलवत म्हणत, "म्हणजे थोराड जिताडा लागला, की ती बाई. जपून ओढा." त्यांना स्वतःला बहुधा शिंगाळे लागायचे. केंड माशाने दोर तोडला की मात्र त्यांच्या तोंडून जे शब्द निघत, ते शाळेत कधी निघाले नसावेत.

गुरुजी गेल्यावर त्यांच्या बायकोने त्यांची गऱ्यांची डबी मला दिली. श्रीखंडाचा जुना डबा, आत कापूस, प्रत्येक गरी कापसात खोचलेली. मी त्यातली एकही वापरलेली नाही. वापरली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, पण हात होत नाही.

खरी पंचाईत होते सर्वपित्रीला. अमावास्येचं पाणी मोठं, उधाणाचं, आणि भरती दुपारच्या तोंडावर. पितरांचं पान ठेवायची वेळही नेमकी तीच. गुरुजी हयात होते तेव्हा त्या दिवशी पान मांडून धोतर सावरत धावत यायचे, कावळा शिवला की नाही हे बघायलाही थांबायचे नाहीत. आता त्यांच्याच घरी त्यांच्यासाठी पान ठेवतात. खीर, वडे, सगळं रीतसर. खीर त्यांना आयुष्यात कधी आवडली नाही. हे त्यांच्या सुनेला सांगावं असं दरवर्षी वाटतं, दरवर्षी राहून जातं.

गेल्या सर्वपित्रीला आम्ही चौघंच होतो. सोबत कंडक्टरकाकांचा नातू, बारा वर्षांचा, आजोबांची कातडी पिशवी खांद्याला. पट्टा त्याला लांब होतो, पिशवी गुडघ्यावर आपटते. त्याने विचारलं, भरती कधी?

"पंधरा पाऊण सव्वाअकरा," मी म्हणालो.

त्याने मोबाइल काढला. "काका, यात अकरा बावन्न दाखवतंय."

सव्वाअकरा वाजून गेले होते. पाणी अजून पायरी-पायरीने चढत होतं, साळावच्या पुलाकडे सरकत होतं.

"बस," मी म्हणालो. "समुद्राला उशीर झालाय."