बायकोवरून आलेला नवरा : एस्पेरांतोतला 'एद्झो'

एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत नवरा म्हणजे 'एद्झो', बायको म्हणजे 'एद्झीनो'. व्याकरणाच्या हिशेबानं 'एद्झ' हे मूळ, त्याला 'इन' हा स्त्रीलिंगी प्रत्यय आणि शेवटी नामाचा 'ओ'. व्युत्पत्ती मात्र उलट्या दिशेनं जाते. 'एद्झो'पासून शोधायला बसलात तर जर्मन, फ्रेंच, रशियन, कुठेच काही हाती लागत नाही. सुरुवात बायकोपासून करायची.

एस्पेरांतोचा निर्माता झामेनहोफ याचा खुलासा जर्मन 'क्रोनप्रिन्त्सेसिन' या शब्दाकडे बोट दाखवतो. अर्थ युवराजाची पत्नी. त्याचं एस्पेरांतो रूप 'क्रोनप्रिंत्सेद्झीनो'. त्यातून 'एद्झीनो' सुटा काढला, मग 'इन' काढून 'एद्झो'. अडचण एवढीच, की जर्मन शब्दात त्या जागी साधा कठोर 'स' आहे. मग 'द्झ' कुठून आला?

इथे यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची जर्मनशी नातं असलेली भाषा, जास्त जवळची वाटते. रब्बीच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूच्या बायकोला यिडिशमध्ये 'रेबेत्सिन' म्हणतात. खरी फोड 'रेबे + त्सिन', पण ती 'रेब + एत्सिन' अशी चुकीची केली की 'अमक्याची बायको' असा प्रत्यय आयता मिळतो. झामेनहोफ यिडिश जाणत होता, तिचं व्याकरणही त्यानं लिहिलं होतं. 'त्स'चा 'द्झ' होण्याचं कारण माझ्या मते असं : 'एत्स' हा भाववाचक प्रत्यय म्हणून आधीच खर्ची पडला होता ('बोना' चांगला, 'बोनेत्सो' चांगुलपणा). हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

प्रत्ययासारखा हा वापर 1905 च्या 'फुंदामेंतो' या एस्पेरांतोच्या पायाभूत ग्रंथातल्या सरावपाठांतही दिसतो. उपचार करणारी बाई 'कुरात्सिस्तीनो', वैद्याची बायको 'कुरात्सिस्तेद्झीनो'. या दोन्हींची गल्लत नवशिके हमखास करतात.

असाच उलटा जन्म 'फ्राउलो'चा, म्हणजे अविवाहित पुरुषाचा. जर्मन 'फ्रॉइलाइन'वरून 'फ्राउलीनो' (कुमारी) घेतला, त्याच्या शेवटी 'इन' आहे असं धरलं आणि तो काढून टाकला. जर्मनमध्ये ते 'लाइन' लघुत्वदर्शक आहे आणि 'फ्राउ' म्हणजे स्त्री! जर्मन माणसाला हे चमत्कारिक वाटणारच.

उच्चाराची मराठी माणसाला धास्ती नको. 'द्झ' म्हणजे जवळपास 'जसा'मधला ज. जपायचं ते क्रियापदात : जुन्या रिवाजाप्रमाणे पुरुषाचं लग्न झालं की 'एद्झीजी', बाईचं झालं की 'एद्झिनीजी'. आता बरेच जण दोघांसाठी पहिलंच वापरतात, पण जुना मजकूर वाचताना हा फरक धरूनच अर्थ लावावा.