उलटी लव

न्यू जर्सीला मुलाकडे गेलो की पहिल्याच आठवड्यात आमच्या दोघांच्या कामांची वाटणी होते. स्वयंपाकघर हिच्याकडे, व्हॅक्यूम क्लीनर माझ्याकडे. डोंबिवलीच्या घरात मी केरसुणीला हात लावला असेल तो फक्त झुरळ मारायला. पण तिथे यंत्र आहे, बटण आहे, आवाज आहे; म्हणजे ते पुरुषाचं काम. असं ही म्हणते. मला ते पटत नाही, पण बटण मीच दाबतो.

घरभर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दुधाळ चहाच्या रंगाचा गालिचा. यंत्र पुढे ढकललं की फिकट पट्टा उमटतो, मागे ओढलं की शेजारी गडद. पहिल्या दिवशी वाटलं, गडद तो मळका राहिला. म्हणून त्याच्यावरून पुन्हा ढकललं, तो फिकट झाला. समाधानाने मागे सरकतोय, तर शेजारचा काळवंडला. अर्धा तास अशी एकट्याने कबड्डी खेळून, दमून समोरच्या टोकाला सोफ्यावर जाऊन बसलो. पाहतो तर मघाचे फिकट पट्टे सगळे गडद, आणि गडद होते ते फिकट!

मग एकदम आमच्या बहिणीचा मखमली ब्लाउज आठवला. एक बाही छान जांभळी, दुसरी काळपट. कापड एकाच ताग्यातलं, रंग पक्का, शिंपी शपथेवर सांगायला तयार. आईने दोन्ही बाह्यांवरून नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाली, "लव उलटी गेलीय." कापड पुरवायचं म्हणून शिंप्याने एक बाही उलटी बेतली होती.

गालिच्यालाही अशीच लव असते. त्याचे धागे टोकाशी कापून उभे ठेवलेले असतात. धागा आडवा कलला की त्याची गुळगुळीत कड उजेड परतवते आणि चमकते. टोक आपल्याकडे रोखलेलं असेल तर नजर धाग्यांमधल्या सावलीत शिरते, आणि तेवढा भाग गडद दिसतो. यंत्र पुढे नेताना धागे आपल्यापासून लांब झुकतात, मागे ओढताना आपल्याकडे. म्हणजे रंग गालिच्यात नसून आपण उभे कुठे आहोत त्यात. क्रिकेटच्या मैदानावर टीव्हीत दिसणारे हिरव्याच्या दोन छटांचे पट्टेही असेच. गवत एकच, कापणी यंत्राचा रूळ जाताना एकीकडे वाकवतो, येताना दुसरीकडे. विमानतळावरच्या किंवा ऑफिसातल्या गालिच्यावर पट्टे दिसत नाहीत, कारण तिथे बहुधा धागे कापलेलेच नसतात. त्यांचे बारीक फासे तसेच ठेवतात. फाशाला टोकच नाही, तर ते कलणार कुठे?

लव यंत्राला जशी वळते तशी पावलालाही. हे मला एका संध्याकाळी कळलं. दुपारी सगळे कामावर, ही झोपलेली, मी अलगद जाऊन शंकरपाळ्यांचा डबा गाठला. संध्याकाळी हिने जिन्यावरूनच विचारलं, "अहो, किती खाल्लीत?" ताज्या पट्ट्यांवरून माझी पावलं खुर्चीपासून कपाटापर्यंत गेली होती आणि तितक्याच सरळ परत आली होती. माणसाने मधुमेह असताना गालिच्याच्या घरात राहू नये.

या यंत्राचा मूळपुरुष लंडनचा ह्यूबर्ट सेसिल बूथ. 1901 साली त्याने एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. रुमालाला चिकटलेली धूळ पाहून त्याची खात्री पटली, की धूळ फुंकण्यापेक्षा ओढावी. त्याचं यंत्र एवढं अवजड, की घोडागाडीवरून येऊन दाराबाहेर उभं राहायचं आणि खिडकीतून नळ्या आत सोडायचे. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळी, 1902 मध्ये, वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे या यंत्राने साफ केले. एका हाताने ढकलता येईल असं विजेचं यंत्र केलं ते ओहायोतल्या कँटन गावच्या जेम्स स्पँगलर या सफाई कामगाराने. दम्याचा त्रास, आणि काम झाडण्याचं! पंख्याची मोटर, फिरता ब्रश, धूळ धरायला उशीचा अभ्रा अशी त्याची जुळवाजुळव; 1908 साली त्याला पेटंट मिळालं.

मला मात्र या पट्ट्यांचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी वाटतं. डोंबिवलीत फरशी पुसली की पंख्याखाली पाच मिनिटांत वाळते. मग ती पुसली होती की नव्हती, यावर आमच्याकडे वाद झालेले आहेत. घरकाम केलं तर दिसत नाही, राहिलं तरच दिसतं, ही हिची जुनी तक्रार. लहानपणी आजी शेणाने ओटी सारवायची, तेव्हा तिच्या पंजाच्या अर्धगोल रेघा वाळल्यावरही राहायच्या. एकात एक गुंतलेल्या, मासोळीच्या खवल्यांसारख्या. आज सारवलंय का, असं तिला कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

म्हणून मीही पट्टे मन लावून ओढायला लागलो. सरळ, समांतर, शेवटचा पट्टा दाराशी, म्हणजे आपलं पाऊल उमटत नाही. परवा सूनबाई ऑफिसातून आली आणि दारातच थबकली. "बाबा, काय मस्त केलंय!" मी नम्रपणे पेपर वाचत राहिलो.

काल यंत्राचा धुळीचा डबा उघडला. गच्च भरलेला. वर केसांचा, धाग्यांचा असा बूच बसलेला, की वारा जायलाही जागा नव्हती. निदान आठवडाभर यंत्राने चिमूटभर धूळही ओढली नसणार. ब्रश तेवढा इमानाने फिरत होता, आणि पट्टे काढायला ब्रश पुरतो.

डबा रिकामा केला, धुतला, वाळवला. कुणी यायच्या आत सगळा गालिचा पहिल्यापासून साफ केला. पट्टे अगदी परवासारखेच आले.