बी.लिब.ने मला रॅक कुठे ठेवायचा ते शिकवलं

बी.लिब.च्या, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीच्या, वर्षात सगळ्यात जास्त कस लागतो तो वर्गीकरण आणि तालिकीकरणाच्या (पुस्तकांच्या नोंदी करण्याच्या) प्रात्यक्षिक पेपरांना. मराठी कादंबरीला ड्युईच्या दशांश वर्गीकरणात ८९१.४६३ हा क्रमांक येतो इथवर पटकन जमतं. पण सहकारी साखर कारखान्यांच्या इतिहासावरचं पुस्तक अर्थशास्त्रात घालायचं की महाराष्ट्राच्या इतिहासात, यावर आमचा वर्गात अख्खा तास वाद झाला. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या द्विबिंदू वर्गीकरण पद्धतीत विषयाचे पैलू सुटे करून पुन्हा जोडावे लागतात. मला तीच अधिक आवडली.

व्यवस्थापनाच्या पेपरसाठी एका तालुका वाचनालयाचा आराखडा करायचा होता. रंगनाथनांचे १९३१चे पाच सिद्धांत तोवर पाठ झालेलेच होते. कागद-पट्टी घेऊन बसल्यावर त्यांचा खरा अर्थ लागला. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, म्हणून कुलपातली कपाटं नकोत. मुक्तद्वार हवं, म्हणजे वाचकाला स्वतः रॅकपाशी जाऊन पुस्तक घेता यावं, आणि वरची फळी स्टुलाशिवाय हाताला यायला हवी. ग्रंथालय वर्धिष्णू आहे, म्हणून प्रत्येक फळीवर आजच थोडी जागा मोकळी सोडायची, नाहीतर नवी खरेदी आली की पुढचे सगळे रॅक सरकवत बसा. वाचकाचा वेळ वाचवायचा, म्हणून क्रमांकांची साखळी तुटता कामा नये. आमच्या आराखड्यात मधोमध खांब येत होता आणि कथा-कादंबऱ्या त्याच्या दोन बाजूंना फुटत होत्या. सगळी ओळ फिरवली. रॅक खिडक्यांना काटकोनात घेतले, त्यामुळे उजेड गल्ल्यांत शिरला आणि पुस्तकांचे कणे थेट उन्हातून सुटले. वर्तमानपत्रं दाराजवळ, स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका सगळ्यात आत, मुलांचे रॅक बुटके.

पुढे बडोद्याचं मध्यवर्ती ग्रंथालय पाहिलं. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावलं आणि पुढच्याच वर्षी तिथे ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. ग्रंथालयाच्या ग्रंथसंग्रहाच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, उजेड खालपर्यंत उतरावा म्हणून. मी तिथे बराच वेळ फक्त पायाखाली बघत उभी होते.

आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी स्लॅब पडल्यावर ग्रंथपालाला विचारतात. भरलेल्या रॅकचं वजन प्रचंड असतं, ते कुठल्या मजल्यावर जाणार हे पायाच्या आधीच ठरवावं लागतं. तुमच्या गावात वाचनालयाची इमारत होणार असेल, तर नकाशा कागदावर असतानाच ग्रंथपालाला बैठकीला बोलवा, आणि पुस्तकांची विषयवार संख्या घेऊनच यायला सांगा.